दुसऱ्या चिमणाबाई

बडोद्यात चिमणाबाईंचे नाव जागोजाग भेटते. रावपुऱ्यातला घड्याळाचा टॉवर चिमणाबाईंच्या नावाचा, न्यायमंदिराला नाव चिमणाबाईंचे, आणि सुरसागराजवळचे स्त्रीउद्योगालयही चिमणाबाईंचेच. बाहेरगावच्या पाहुण्याला एकाच बाईच्या नावाने शहरात इतके काही असावे याचे नवल वाटते. खरे सांगायचे तर आपल्या जुन्या घरांतील तरुण मंडळींनाही आताशा ठाऊक नसते की या चिमणाबाई एक नव्हेत, दोन होत. टॉवर आणि न्यायमंदिर ही पहिल्या चिमणाबाईंची स्मारके. उद्योगालय मात्र कोणाचे स्मारक म्हणून उभे राहिलेले नाही. ते दुसऱ्या चिमणाबाईंनी आपल्या हयातीत काढले.

या दुसऱ्या चिमणाबाई, म्हणजे श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या महाराणी, २३ ऑगस्ट १९५८ रोजी निवर्तल्या. त्यांच्याविषयी लिहिताना बहुधा त्यांचे परदेशप्रवास, शिकारीची हौस, जडजवाहीर आणि अध्यक्षपदे यांचीच यादी दिली जाते. ती यादी खोटी नाही. परंतु बडोद्याच्या जुन्या मराठी कुटुंबांनी ज्या बाईला आपली मानली, ती बाई त्या यादीत सापडत नाही. घरातले दुःख घरात ठेवून बाहेरचे काम करीत राहण्याची जी रीत आपल्या आज्या-पणज्यांमध्ये होती, तीच रीत राजवाड्यात राहून या बाईने पाळली. तिची थोरवी तिथे आहे, आणि तिच्या हातून जी एक मोठी विसंगती घडली तिचाही उगम तिथेच आहे. म्हणून आज त्यांची आठवण थोडी निराळ्या अंगाने करावी असे वाटते.

मकरपुऱ्याचा वाडा

मकरपुरा म्हटले की आजच्या बडोदेकराला कारखाने आठवतात. जुन्या माणसाला मात्र वाडा आठवत असे. शहराच्या दक्षिणेस सुमारे चार मैलांवर खंडेराव महाराजांनी १८७० च्या सुमारास तो बांधला आणि पुढे सयाजीराव महाराजांनी वाढविला. इटालियन धर्तीची कमानदार बांधणी, भोवताली प्रशस्त बाग, आणि त्यापलीकडे शिकारीसाठी राखलेले रान, असे त्याचे रूप होते. उन्हाळ्यात शहराच्या कोंदट हवेपासून दूर राहण्यासाठी राजकुटुंबाची ही जागा. १८८५ मध्ये देवासच्या घाटगे घराण्यातली गजराबाई नावाची मुलगी बडोद्याला सून म्हणून आली, तेव्हा लक्ष्मीविलास राजवाडा पुरा झाला नव्हता. तो पुरा व्हायला १८९० साल उजाडले. म्हणजे या मुलीने गायकवाडांचे वैभव प्रथम पाहिले ते गावातल्या जुन्या वाड्यांत आणि मकरपुऱ्यासारख्या ठिकाणी.

तेव्हा तिचे वय अवघे तेरा-चौदा वर्षांचे होते. महाराज बावीस वर्षांचे होते आणि त्याच वर्षी विधुर झालेले होते. त्यांची पहिली पत्नी तंजावरच्या मोहिते घराण्यातली. माहेरचे नाव लक्ष्मीबाई, सासरचे चिमणाबाई. ऐन तारुण्यात क्षयाने ती गेली. मागे राहिला तो दोन वर्षांचा मुलगा फत्तेसिंहराव. सयाजीरावांचे पहिल्या पत्नीवर अतिशय प्रेम होते आणि तिच्या जाण्याने ते खचले होते, हे सर्वश्रुत आहे. पुढे १८९६ मध्ये जो टॉवर उभा राहिला तो या प्रेमाचीच खूण.

नव्या राणीचे नाव ठेवले गेले तेही चिमणाबाईच. नव्या सुनेचे नाव बदलण्याची आपल्याकडे रूढीच होती. पण येथे माहेरचे नाव पुसून जे नाव मिळाले ते गेलेल्या सवतीचे होते. ज्या घरात पाऊल टाकले तेथल्या प्रत्येक माणसाच्या तोंडी ते नाव आधीच होते, आणि ते एका दुसऱ्याच बाईचे होते. आपल्या घरांतून दुसरेपणावर दिलेल्या मुली कमी नव्हत्या. नाव, घर आणि पाळण्यातले मूल ही तिन्ही दुसरीची घेऊन संसाराला आरंभ करणे म्हणजे काय, ते त्यांना कोणी सांगावे लागत नसे. दुसऱ्या चिमणाबाईंविषयी बडोद्याच्या बायकांना जो आपलेपणा वाटे, त्याचे एक मूळ येथे असावे असे मला वाटते.

घर आणि शाळा एकच

सयाजीराव महाराज स्वतः उशिरा शिकलेले. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा हा मुलगा १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईसाहेबांनी दत्तक घेतला तेव्हा त्याला अक्षरओळखही नव्हती. इलियटसाहेबांच्या हाताखाली त्याने विद्या संपादिली, आणि शिकण्याची जी गोडी लागली ती अखेरपर्यंत टिकली. असा नवरा मिळाल्यावर बायकोने अशिक्षित राहावे हे शक्यच नव्हते. नव्या महाराणींचे शिक्षण लग्नानंतर राजवाड्यातच सुरू झाले. संसार चालू, मुलेबाळे होत आहेत, आणि त्यातच धडे गिरविणेही चालू, असा तो काळ होता.

१८८७ मध्ये महाराज प्रथम विलायतेस गेले तेव्हा चिमणाबाई बरोबर होत्या. मराठा राजघराण्यातील राणीने समुद्र ओलांडणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. त्यानंतर प्रवास होतच राहिले. १९०६ मध्ये अमेरिका पाहिली, १९१० मध्ये जपानमार्गे पुन्हा अमेरिका पाहिली. या प्रवासात एक चमत्कारिक प्रकार होता. परदेशात ही बाई मोकळेपणाने हिंडत असे, सभासमारंभांना जात असे, लोकांशी बोलत असे. आणि बोट मुंबईला लागून गाडी बडोद्याला आली की पुन्हा पडदा. एकाच बाईला दोन देशांत दोन निरनिराळ्या बायका होऊन राहावे लागे. पुढे बडोद्यातही त्यांनी पडदा टाकून दिला आणि महाराजांच्या शेजारी उघड्या तोंडाने बसू लागल्या. सरदार आणि मानकरी यांच्या घरांत याची किती चर्चा झाली असेल याची आज कल्पनाच करावी. पण राणीनेच पडदा सोडल्यावर इतरांच्या सुनांना वाट मोकळी झाली. कोणताही हुकूम न काढता जे झाले ते हुकमाने झाले नसते.

महाराजांच्या राज्यात हुकमांची आणि कायद्यांची वाण कधीच नव्हती. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू झाले आणि १९०६ पासून ते साऱ्या संस्थानाला लागू झाले. १९०४ मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा आला. पुढे १९३१ मध्ये हिंदू स्त्रीपुरुषांना घटस्फोट घेता यावा असाही कायदा झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा त्याचा उच्चारही धाडसाचा ठरला असता. कायद्याने शाळेचे दार उघडते हे खरे. पण मुलगी शाळेतून घरी आल्यावर आजीने तिला काय म्हणावे हे कायद्याला ठरविता येत नाही. तो प्रांत महाराणींचा होता. हळदीकुंकवाच्या निमित्ताने, समारंभाच्या निमित्ताने, संस्थेच्या निमित्ताने घरांतल्या बायकांपर्यंत जे पोहोचवायचे ते त्यांच्या हातून पोहोचले.

१९११ सालची गोष्ट

१९११ साली चिमणाबाईंचे एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. विषय होता हिंदी स्त्रीजीवनातील स्त्रियांचे स्थान. एस. एम. मित्र यांच्या सहकार्याने ते लिहिलेले होते. पाश्चात्त्य देशांतील स्त्रिया कोणकोणते उद्योग करतात, त्यांच्या संस्था कशा चालतात, त्यांतले आपल्या बायकांना काय उचलता येईल, याचा त्यात मोठ्या आस्थेने विचार केला आहे. भाषणबाजीपेक्षा त्यात उद्योगधंद्यांची चर्चाच अधिक आहे. बाईला हक्क हवेत हे तर खरेच. पण हातात काम आणि कामाचे चार पैसे असल्याशिवाय तो हक्क टिकत नाही, अशी त्यामागची व्यवहारी दृष्टी आहे.

आणि त्याच १९११ साली त्यांच्या स्वतःच्या घरात काय घडत होते ते पाहा. चिमणाबाईंना तीन मुलगे आणि एकुलती एक मुलगी. मुलगी इंदिराराजे, जन्म १८९२ चा. बडोदा कॉलेजात शिकलेली, आईबापांबरोबर जग पाहिलेली, हुशार आणि मानी. तिचे लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांशी ठरले होते. गायकवाड आणि शिंदे ही मराठ्यांची दोन थोर संस्थाने त्यामुळे एकत्र येणार होती. माधवराव वयाने पंधरा-सोळा वर्षांनी मोठे होते आणि त्यांची पहिली राणी हयात होती. त्या काळच्या राजघराण्यांत याला कोणी अडचण मानीत नसे. परंतु त्या वर्षीच्या डिसेंबरात दिल्लीला बादशाही दरबार भरला, त्या सुमारास इंदिराराजांनी आपण होऊन शिंदे महाराजांना पत्र लिहून लग्न मोडले. त्यांचे मन कुचबिहारचे राजपुत्र जितेंद्रनारायण यांच्यावर बसले होते.

बडोद्याच्या दृष्टीने हा हरप्रकारे अवघड मामला होता. कुचबिहारचे घराणे मराठा नव्हे. मुलाची आई केशवचंद्र सेनांची कन्या, म्हणजे घरात ब्राह्मो समाजाचे वातावरण. मुलगा धाकटा, गादीचा वारस नव्हे. शिंद्यांशी झालेला करार मोडल्याची नामुष्की वेगळीच. त्याच दरबारात सयाजीरावांनी बादशहापुढे रीतीप्रमाणे मुजरा केला नाही म्हणून इंग्रजांनी गिल्ला केला होता, तोही ताजा होता. आईबापांनी विरोध केला, आणि तो सौम्य नव्हता. सुमारे दोन वर्षे ही ताणाताण चालली. अखेर १९१३ मध्ये लंडनमध्ये नोंदणी पद्धतीने विवाह झाला. मुलीचे आईवडील लग्नाला नव्हते.

चिमणाबाईंच्या चाहत्यांना हा प्रसंग झाकून ठेवावासा वाटतो. झाकू नये. स्त्रियांनी आपल्या पायांवर उभे राहावे असे जिने लिहिले, तिची स्वतःची मुलगी तसे उभी राहिली तेव्हा तिला ते सोसवले नाही, ही गोष्ट खरी आहे. मात्र तिला दांभिक म्हणण्यापूर्वी आपण आपापल्या घरांत डोकावून पाहावे. मुलींच्या शाळांना देणग्या देणाऱ्या, विधवांसाठी फंड जमविणाऱ्या, सभेत टाळ्या घेणाऱ्या किती सुधारकांच्या घरांत मुलीच्या लग्नाचा प्रश्न आला की कुळी, पत्रिका आणि चार लोक आठवले नाहीत? परक्याच्या मुलीसाठी विचार पुरेसा असतो. आपल्या मुलीसाठी तोच विचार पोटात घालायचा म्हणजे काळीज लागते, आणि ते एका दिवसात तयार होत नाही.

पुढे विवाहानंतर थोड्याच दिवसांत जितेंद्रनारायणांचे वडील बंधू वारले आणि तेच कुचबिहारचे महाराज झाले. इंदिराराजांना पाच मुले झाली. काळाबरोबर माहेरचा दुरावा ओसरला आणि नातवंडे बडोद्याला आजोळी येऊ लागली. त्यांतल्याच एका नातीने, जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींनी, १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात बडोद्याच्या आजोळाचे आणि करारी आजीचे सविस्तर चित्र काढले आहे. १९२२ मध्ये इंदिराराजे तिशीतच विधवा झाल्या, आणि लहान मुलाच्या नावाने त्यांनी कुचबिहारचा कारभार पाहिला. आईने पुस्तकात जी स्वतंत्र, कर्ती बाई मनात धरली होती तिच्याशी हे चित्र जुळते. मुलगी आईविरुद्ध गेली खरी. पण ती गेली ती आईच्याच वाटेने.

सुरसागराजवळचे दार

मुलीच्या लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी, १९१४ मध्ये, बडोद्यात चिमणाबाई स्त्रीउद्योगालय निघाले. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध जोडण्याचा मोह मी टाळतो. संस्थेची कल्पना पुस्तकातच होती आणि काळही तिला अनुकूल होता. पुण्याजवळ हिंगण्याला अण्णासाहेब कर्व्यांचा आश्रम रुजला होता; १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्याला सेवासदनाचे काम सुरू केले होते. बडोद्याच्या मराठी कुटुंबांचे पुण्याशी जाणेयेणे असल्याने हे सारे येथे माहीत होते.

उद्योगालयाची निकड समजायची तर त्या काळचे घर डोळ्यांपुढे आणले पाहिजे. दांडिया बाजारातले किंवा वाडीतले एखादे दुमजली घर घ्या. कर्ता पुरुष संस्थानच्या नोकरीत. पगार बेताचा, पण प्रतिष्ठा मोठी. तो अकाली गेला म्हणजे मागे उरलेल्या बाईने काय करायचे? दुसऱ्याकडे स्वयंपाकाला जाणे अब्रूला लागे. दिराच्या आश्रयाला राहायचे तर जन्मभर वाकून राहायचे. अशा बाईला घराबाहेर पडायला एक मानाचे कारण आणि हातात पडायला चार स्वतःचे पैसे हवे होते. उद्योगालयाने ही दोन्ही दिली. शिवण, भरतकाम, विणकाम असली हातकामे शिकायची आणि त्यांवर मिळवायचे. संस्थेला महाराणींचे नाव असल्याने तेथे जाणाऱ्या बाईला कोणी नावे ठेवू शकत नसे. महाराणींनी दिलेल्या पैशाइतकीच, कदाचित अधिकच, या नावाची किंमत होती. जे नाव एके काळी सवतीकडून उसने मिळाले होते, ते आता शेकडो बायकांच्या पाठीशी उभे राहिले.

आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावरच्या ट्रंकेत अजूनही एखादा भरलेला रुमाल, एखादी दोऱ्याची जाळी, एखादे रेशमाने भरलेले चित्र असेल. ते कोणी केले, कोठे शिकून केले, याची चौकशी घरात जे कोणी वडीलधारे असतील त्यांच्याकडे अवश्य करावी. पुष्कळ ठिकाणी धागा त्या उद्योगालयापर्यंत जाईल.

पुण्याची परिषद

१९२६ मध्ये मार्गारेट कझिन्स या आयरिश बाईंनी देशभरच्या स्त्रियांना पत्रे धाडली. मुलींना कोणते शिक्षण हवे हे पुरुषांनीच किती दिवस ठरवायचे, स्त्रियांनी एकत्र जमून ते सांगावे, असा त्यांचा आशय होता. त्यातून ५ ते ८ जानेवारी १९२७ या दिवसांत पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि त्याचे अध्यक्षपद चिमणाबाईंकडे आले. देवासच्या घाटग्यांची, लग्नानंतर धुळाक्षरे गिरविलेली मुलगी, वयाची पंचावन्न वर्षे झाल्यावर साऱ्या देशातील शिकलेल्या स्त्रियांच्या पहिल्या परिषदेची अध्यक्ष झाली.

परिषदेचा विषय शिक्षणाचा होता. पण शिक्षणाचा विचार सुरू झाला की बालविवाहाची भिंत आडवी येते, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट झाले आणि तसा ठरावही झाला. बाराव्या-तेराव्या वर्षी मुलीला सासरी पाठवायचे तर तिने शिकावे केव्हा? अध्यक्षस्थानी बसलेल्या बाईला याचे उत्तर पुस्तकातून काढावे लागत नव्हते. पुढे १९२९ मध्ये शारदा कायदा झाला आणि १९३२ मध्ये परिषदेच्या प्रयत्नांतून दिल्लीला लेडी आयर्विन कॉलेज निघाले. ही परिषद आजही काम करीत आहे. तिच्या अध्यक्षांच्या नामावळीत पुढे सरोजिनी नायडू आणि कमलादेवी चट्टोपाध्याय ही नावे येतात. पण त्या नामावळीच्या शिरोभागी नाव आहे ते बडोद्याचे, हे आपण बडोदेकर मराठी माणसांनी विसरू नये.

रिकामे होत गेलेले घर

हे सारे होत असताना राजवाड्यात काय चालले होते? सवतीचा मुलगा म्हणून जो दोन वर्षांचा फत्तेसिंहराव पदरात आला होता, तो १९०८ मध्ये पंचविसाव्या वर्षी गेला. त्याचा मुलगा प्रतापसिंहराव तेव्हा अवघ्या काही महिन्यांचा होता. म्हणजे पहिल्या चिमणाबाईंचे मूल वाढविले, आणि ते गेल्यावर त्याचे तान्हे पोरही दुसऱ्या चिमणाबाईंच्याच घरात वाढायचे होते. १९१९ मध्ये मधला मुलगा शिवाजीराव गेला. १९११ मध्ये विलायतेस गेलेल्या अखिल हिंदी क्रिकेट संघात खेळलेला हा उमदा तरुण. तीसही पुरी झाली नव्हती. १९२३ मध्ये थोरला जयसिंहराव गेला. अमेरिकेत हार्वर्डला शिकलेला, वय पस्तीस. म्हणजे पुण्याच्या परिषदेत अध्यक्षस्थानी बसल्या तेव्हा चिमणाबाई दोन सख्खे मुलगे आणि एक सावत्र मुलगा पोहोचवून आलेल्या होत्या.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराज निवर्तले. त्रेपन्न वर्षांचा संसार संपला. १९४० मध्ये शेवटचा मुलगा धैर्यशीलराव गेला. पोटच्या चौघांपैकी एक इंदिराराजे तेवढ्या मागे राहिल्या, आणि लग्नाला आशीर्वाद मिळाला नव्हता तो याच मुलीच्या. नियतीचा हा हिशेब कोणी मांडून दाखवावा असा नाही.

गादीवर बसले ते प्रतापसिंहराव, म्हणजे सवतीचा नातू. पोटचे एकही मूल गादीवर नसताना, ज्या मुलाशी रक्ताचे नाते नाही त्याच्या राज्यात राजमाता म्हणून राहणे, आणि तरीही त्या घराला आपले म्हणणे, यात काही विशेष आहे असे या बाईला कधी वाटले असेल असे मला वाटत नाही. आपल्या जुन्या कुटुंबांतही असेच होते. दिराची मुले, नणंदेची मुले, आईवेगळी भाचरे एकाच पंक्तीला जेवत, आणि कोण कोणाचे हे बाहेरच्याला समजत नसे. ज्या बायकांनी ही घरे चालविली त्यांच्याविषयी कोणी पुस्तके लिहिली नाहीत. दुसऱ्या चिमणाबाईंविषयी लिहिताना त्या साऱ्याजणींविषयी लिहिल्यासारखे वाटते.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. तोफा, सवाऱ्या, दरबार ही सारी शोभा गेली. त्यानंतरही नऊ वर्षे त्या हयात होत्या. ज्या संस्थानात तेरा-चौदाव्या वर्षी सून म्हणून आल्या होत्या ते संस्थान त्यांच्या डोळ्यांदेखत इतिहासजमा झाले. त्या गेल्या त्यानंतर दोनच वर्षांनी, १ मे १९६० रोजी, गुजरात आणि महाराष्ट्र ही राज्ये वेगळी झाली, आणि येथल्या मराठी घरांना आपण नेमके कोठले हा प्रश्न नव्याने पडला. तो पाहायला त्या राहिल्या नाहीत. पण त्याचे उत्तर त्यांच्या जन्मात सापडते. माळव्यातल्या देवासची मुलगी, मराठी राजघराण्याची सून, गुजराती प्रजेची राणी. आणि संस्था काढली ती जात किंवा भाषा न पाहता, ज्या बाईला काम हवे तिच्यासाठी. जेथे आपले काम आहे ते आपले गाव, असे त्यांच्या आयुष्याचे सांगणे आहे.

आजचा मकरपुरा

मकरपुऱ्याचा वाडा आज भारतीय वायुदलाकडे आहे आणि तेथे प्रशिक्षणाची शाळा चालते. सामान्य माणसाला आत जाता येत नाही. राजकुटुंबाच्या विसाव्याची जागा अखेर शिकण्याची जागा झाली, हे सयाजीराव महाराजांना आवडलेच असते. वाड्याभोवतीचे रान कधीच गेले. शहर वाढत वाढत तेथवर आले आणि पलीकडेही गेले. औद्योगिक वसाहत झाली, कारखान्यांच्या ओळी उभ्या राहिल्या, रस्त्यांवर वाहनांची रीघ लागली.

सकाळच्या पाळीला त्या रस्त्यांनी बायकाही कामावर जातात. कोणी यंत्रावर काम करते, कोणी हिशेब ठेवते, कोणी माल तपासून बांधते. कोणी रिक्षातून उतरते, कोणी स्कूटरवर येते. त्यांच्यापैकी मराठी किती, गुजराती किती, आणखी कोठून कोठून आलेल्या किती, हे कोणी विचारीत नाही. त्यांच्या पिशवीत डबा असतो आणि महिनाअखेर हातात पगार येतो. तो पगार आपला आहे हे त्यांना ठाऊक असते. ज्या काळी घरंदाज बाईने पैसा मिळविणे हीच अब्रूची गोष्ट होती, त्या काळी एका राणीने त्या पैशाला आपले नाव दिले. या बायकांपैकी फारच थोड्यांना ते नाव माहीत असेल. माहीत नसले तरी बिघडत नाही. पुढच्या माणसाला पायाखालचा रस्ता कोणी केला हे आठवू नये, इतका तो सवयीचा व्हावा, यातच रस्ता करणाऱ्याचे सार्थक असते.

आपण मात्र जुनी माणसे. आपल्याला आठवले पाहिजे. रावपुऱ्यातून जाताना टॉवरकडे पाहून पहिल्या चिमणाबाईंची आठवण जरूर काढावी. अकाली गेलेल्या त्या तंजावरच्या लेकीचे ते हक्काचे स्थान आहे. आणि सुरसागराच्या काठाने उद्योगालयावरून जाताना मुलांना सांगावे की या दुसऱ्या. यांनी दुसरीचे नाव घेतले, दुसरीचे मूल वाढविले, आपली मुले एकामागून एक पोहोचविली, एका मुलीच्या बाबतीत चुकल्याही. आणि या साऱ्यातून वेळ काढून गावातल्या बायकांसाठी एक दार उघडून ठेवले, ते अजून उघडे आहे.